उशिरा येणारी उत्तरं

मार्च लागला की पुण्यातल्या आमच्या इमारतीखालचा कडुलिंब पानं टाकायला लागतो. गाड्यांच्या काचांवर पिवळी पानं चिकटून बसतात, वॉचमन वैतागून ती झाडत राहतो. समोरच्या शाळेत दहावीचं केंद्र असतं, त्यामुळे फाटकाशी आयांचा घोळका उभा असतो. पोरं आत गेली, घंटा झाली, तरी त्या हलत नाहीत. नुसत्या भिंतीकडे बघत उभ्या राहतात. ऑफिसला जाताना त्या घोळक्याजवळ माझी चाल मंदावते. नाकात एकदम तो जुना वास शिरतो: मालिशच्या तेलाचा, विभूतीचा आणि तापलेल्या काँप्युटरच्या प्लॅस्टिकचा. हे तीन वास एकत्र मी आयुष्यात एकाच खोलीत घेतले. एकाच उन्हाळ्यात.

ती खोली अंबाजोगाईजवळ घाटनांदूरला, आमच्या किराणा दुकानाच्या मागे. पुढे दुकान, मध्ये गुळाच्या भेल्या आणि पोती, मागे ती खोली, आणि तिच्या मागे परसात एक कडुलिंब. नव्या शतकाची पहिलीच वर्षं. देश खुला झाला, असं सगळे म्हणत होते. आमच्याकडे ते खुलेपण एसटीडीच्या पिवळ्या बूथमधून, थंड पेयांच्या लाल पाट्यांमधून आणि अंबाजोगाईत गल्लोगल्ली निघालेल्या काँप्युटर क्लासमधून आलं. त्याच लाटेत मी पुण्याला गेलो होतो, नोकरीला लागलो होतो. मग तिकडे अमेरिकेत कंपन्या बसल्या आणि इकडे आमच्या मालकाने एका दुपारी सगळ्यांना बोलावून कुलूप लावत असल्याचं सांगितलं. मी एसटीच्या टपावर एक जुना काँप्युटर बांधून घरी आलो. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, दुकानातूनच विचारलं, “ह्ये टीव्ही हाय का?” मी न्हाई म्हणालो. ते पुन्हा तराजूकडे वळले.

त्याच थंडीत आईला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं जवळजवळ गेलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता जे येईल ते हळूहळू येईल. आम्ही मागच्या खोलीत तिची बाज टाकली. काँप्युटर ठेवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून तोही त्याच खोलीत, खिडकीखाली.

मी त्या दिवसांत एक बिनपगारी काम धरलं होतं. जगभरातली माणसं मिळून एक डेटाबेस लिहीत होती. डेटाबेस म्हणजे दिलेली माहिती जपून ठेवायची आणि मागितली की बिनचूक परत द्यायची, असा प्रोग्राम. त्याला मालक नव्हता. ज्याला जमेल त्याने लिहावं, ज्याला हवा त्याने वापरावा. कुणी काही बदल केला की त्याने दुसरं काही बिघडलं नाही ना, हे तपासायला चाचण्यांच्या स्क्रिप्ट असत. त्या आपोआप चालत: डेटाबेस सुरू करत, त्यात काही भरत, परत मागत, आणि आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघत. जुळलं तर पास, नाही तर नापास. या स्क्रिप्टमधल्याच चुका शोधायचं काम मी घेतलं होतं. आठवड्यातून एकदा फ्लॉपी खिशात घालून मी अंबाजोगाईच्या नेट कॅफेत जायचो, नवा कोड उतरवून आणायचो, आणि लिहिलेलं पाठवायचो. नोकरी नसलेल्या माणसाला रोज सकाळी उठून बसायला काहीतरी लागतं. मला ते होतं.

आईला ते कळलं, तिच्या पद्धतीने. पडद्यावर अक्षरं सरकत असायची आणि मी त्यांच्याकडे बघत कपाळ चोळत असायचो. ती बाजेवरून बराच वेळ बघायची आणि मग एकच शब्द बाहेर यायचा, “पास?” मी म्हणायचो, “न्हाई गं, अजून एक नापास हाय.” ती डोळे मिटायची. तिच्या लेखी तो माझाच पेपर होता.

अप्पांना मी एकदा समजावायचा प्रयत्न केला. म्हणालो, परीक्षाच आहे, पण माणसाची नाही, प्रोग्रामची.

“मग नापास झाला तर रडतं कोण?” अप्पांनी विचारलं.

“कुणीच न्हाई.”

“अन् पास झाला तर पगार?”

“तो बी न्हाई.”

“मग कावून करायलास?”

मी पडद्याकडे वळलो. ते उंबऱ्यातच उभे होते. आईला आणल्यापासून ते त्या खोलीत आत असे येतच नसत. उंबऱ्यात उभं राहून “जेवली का?” विचारायचे, कुणी हो म्हटलं की जायचे. प्रश्न आईला असायचा की आम्हाला, ते कधी ठरलं नाही.

खोलीत खरी वावरायची ती नंदा. माझी धाकटी बहीण, बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. रोज सकाळच्या गाडीने अंबाजोगाईला कॉलेज, दुपारी परत, मग आईचं अंग पुसणं, वेणी घालणं. मार्चअखेर तिची परीक्षा होती. ती आईच्या उशाशी पुस्तक उघडं ठेवून मोठ्याने वाचायची. इतिहास, अर्थशास्त्र, जे असेल ते. आईला नवीन आर्थिक धोरण तोंडपाठ झालं असावं. नंदा तिला काही विचारायची आणि मग थांबायची. वेणीचा पेड घालत राहायची, तेल चोळत राहायची, पण पुढचा शब्द बोलायची नाही. आणि बऱ्याच वेळाने, आपण प्रश्न विसरलेलो असताना, बाजेवरून उत्तर यायचं. “ताक.” किंवा “खिडकी लाव.” आईला सगळं समजत होतं. तिचे शब्द फक्त लांबून चालत यायचे.

मला हे नंदामुळे कळलं. त्याआधी मी “चहा पिणार?” विचारून दोन क्षण बघायचो आणि तिला नको असेल म्हणून निघून जायचो.

सकाळी मात्र एक काम माझं होतं. आम्ही लिंगायत. आई गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करायची. डावा हात शाबूत होता, पण पाणी घालायचा, बेल वाहायचा उजवा हात गेला होता. तो उजवा हात मी झालो. तिने तळहात पुढे करायचा, मी वर पाण्याची धार सोडायची, विभूती लावायची, बेलाचं पान ठेवायचं. पूजेचे शब्द तिला येत नव्हते, मला पाठ नव्हते. तरी रोज ती पूजा व्हायची. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं आणि ती तळहात जरासुद्धा हलू द्यायची नाही.

एक चाचणी मला छळत होती. तिच्यात डेटाबेस मुद्दाम मध्येच मारून टाकायचा, वीज गेल्यावर होतं तसा. मग पुन्हा सुरू करायचा आणि आधी दिलेली माहिती शाबूत आहे का विचारायचं. माझ्या मशीनवर ही चाचणी कधी पास व्हायची, कधी नापास. नापास झाली की स्क्रिप्ट एकच ओळ छापायची: डेटाबेस मेला आहे, उत्तर देत नाही. मी एकेक पायरी हाताने चालवून बघितली की सगळं ठीक. आपोआप चालवली की पुन्हा गडबड. या कामाच्या ईमेल यादीवरच्या एका माणसाने, तो कुठल्यातरी थंड देशात राहायचा, मला सभ्यपणे कळवलं की तुझं मशीनच खराब असावं. त्यात खोटं काही नव्हतं. आमची वीज दुपारी जायची ती दिवेलागणीला यायची, आणि त्या काँप्युटरचा पंखा रहाटासारखा करकरत असे.

आईच्या उशाशी स्टीलची वाटी होती. काही हवं असलं की ती डाव्या हाताने त्यावर चमचा वाजवायची. एका सकाळी मी ती चाचणी हाताने चालवत होतो. डेटाबेस मारला, पुन्हा सुरू केला, आणि वाटी वाजली. आईला कुशीवर वळवलं, उशी सारखी केली, परत येऊन प्रश्न टाकला. पास. असं पूर्वीही झालं होतं. हाताने करताना मध्ये असाच वेळ जायचा, आणि चाचणी पास. मी खुर्चीत बसून राहिलो. मग स्क्रिप्ट उघडून वरपासून वाचली आणि ती ओळ सापडली. डेटाबेस पुन्हा सुरू केल्यावर स्क्रिप्ट थोडे सेकंद थांबायची आणि मग विचारायची. लिहिणाऱ्याच्या नव्या, वेगवान मशीनला तेवढे पुरत होते. माझ्या जुन्या मशीनवर डेटाबेस त्या वेळी आत आपलं मोडलेलं सावरत असायचा, अर्धवट राहिलेली कामं पुन्हा लावून घेत असायचा. उत्तर द्यायला तो तयार होत होता. त्याआधीच स्क्रिप्ट त्याला मेलेला ठरवून मोकळी व्हायची.

डेटाबेस शाबूत होता. चूक विचारणाऱ्याची होती.

दुरुस्ती फार अवघड नव्हती. ठरावीक थांबण्याऐवजी पुन्हा पुन्हा विचारत राहायचं, मध्ये जरा दम घ्यायचा, आणि बराच काळ गेल्याशिवाय मेला म्हणायचं नाही. मी ते लिहायला घेतलं. त्या दुपारी आईने “पास?” विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा “जवळपास” म्हणालो.

त्याच आठवड्यात मल्लूकाका आले. अप्पांचे धाकटे भाऊ, माजलगावला भुसार मालाचे अडते. त्यांनी नंदासाठी स्थळ आणलं होतं. माजलगावचंच घर, धरणाच्या पाण्यावरचा ऊस, मुलगा कारखान्यात चिकटलेला. लग्न मात्र लगेच हवं होतं, एप्रिलच्या सुरुवातीला. नंदाचे शेवटचे पेपर त्याच दिवसांत येत होते.

“दोन पेपर राहिले तर आभाळ कोसळत न्हाई,” काका म्हणाले. “वहिनीच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे. तिचा काय भरवसा?”

हे सगळं आईच्या बाजेपासून हाताच्या अंतरावर चाललं होतं.

अप्पा उंबऱ्यातून उठून दुकानात गेले. संध्याकाळी नंदा परसात कडुलिंबाखाली पानं गोळा करत बसली. तिथे गोळा करण्यासारखं काही नव्हतं, दुपारीच झाडलं होतं.

रविवारी माजलगावची माणसं आली. मुलाचे वडील, एक मामा, दोन बायका. दुकान बंद ठेवलं होतं. बोलणी मागच्या खोलीतच झाली, कारण आईसमोर व्हावीत असं काकांचं म्हणणं होतं. काँप्युटरवर नंदाची ओढणी टाकून तो झाकला होता. पोहे झाले, चहा झाला, तारीख जवळजवळ ठरली. मग मुलाचे वडील, बिचारे सरळ माणूस, आईकडे वळून म्हणाले, “वैनी, तुमचं काय म्हणणं हाय?”

आईने त्यांच्याकडे बघितलं. आणि लगेच काका हसले. “तिला काय कळतंय आता? तिचं होच हाय, धरून चाला.”

“थांबा,” मी म्हणालो.

“कावून रे?”

“तिला विचारलंय ना? मग थांबा की जरा.”

काकांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा उंबऱ्यात उभे होते, तिथेच खाली बसले. पाहुण्यांनी कपबशा खाली ठेवल्या. कुणी घसा खाकरला. वीज नव्हती, पंखा बंद, माशा पोह्यांच्या ताटलीवर बसत उठत होत्या. आईच्या मानेवरची शीर ताठ झाली. ओठ डावीकडे ओढले गेले, सैल पडले, पुन्हा ओढले गेले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं. जड पोतं उचलताना हमालाच्या डोळ्यांत येतं तसलं. नंदा तिच्या पायाशी बसून एकटक बघत होती.

“पे...” आई म्हणाली. आणि खूप वेळाने, “पेपर.”

“पेपर झाल्यावर करू म्हणती,” मी म्हणालो.

“बरोबर हाय की,” मुलाचे वडील म्हणाले. “लेकराचं वर्ष कावून वाया घालवायचं?” मामा म्हणाला की मे महिन्यात कारखाना बंद असतो, तेव्हा सवड. बायका तिथीबद्दल बोलायला लागल्या. सगळं सुरळीत झालं आणि पाहुणे सहाच्या गाडीने गेले.

मला फार मोठं काही जिंकल्यासारखं वाटत होतं. नंदा कपबशा विसळत होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो, ती काही बोलेल म्हणून.

“दादा,” ती म्हणाली, “आईचं बोलून झालं नव्हतं.”

“म्हणजे?”

“पेपर म्हणल्यावर बी तिचं तोंड हलायलं होतं. मी बघत होते ना. तुमी सगळे बोलायला लागलात.”

मी आत गेलो. आई झोपली होती, तोंड किंचित उघडं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर मी तिला विचारलं, काल काय म्हणायचं होतं तुला? पेपर झाल्यावर लग्न, की पेपरच, लग्न नको? की आणखी काही? मी थांबलो. खरंच थांबलो. पाणी सांडलेलं फडकं वाळेपर्यंत बसून राहिलो. ती खिडकीतून कडुलिंबाकडे बघत होती. मग तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “पास?”

ते मला आजही उलगडलेलं नाही. मार्चमध्ये त्या घोळक्याशेजारून जाताना मी हाच हिशोब पुन्हा मांडतो आणि तो कधी जुळत नाही. नंदाने तिचा वेगळा अर्थ लावला असेल. आम्ही त्यावर पुढे कधी बोललो नाही.

परीक्षा सुरू झाली. ऊन वाढलं. नंदा पहाटे भाकऱ्या करून, आईचं आवरून गाडी पकडायची आणि दुपारी उन्हाने काळवंडून परत यायची. आईच्या बाजेशी बसून झालेला पेपर सांगायची, कोणता प्रश्न आला, काय लिहिलं, काय सुटलं. आई ऐकायची. ती माहिती तिच्यात कुठेतरी नीट लागत असावी, कारण चार दिवसांनी ती मध्येच म्हणायची, “दुसरा... सोपा?”

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी पूजा चालू होती. नंदा पुस्तक घेऊन परसात बसली होती. आईच्या तळहातावर लिंग होतं. मी पाण्याची धार सोडत होतो. तिचा तळहात हळूच कलला. आधी मला वाटलं तिला पाणी गार लागलं. मग लिंग घरंगळून चादरीवर पडलं. तो तळहात कधी हलत नसे, म्हणून मला लगेच कळलं. मी तांब्या खाली ठेवला नाही, तो हातातून पडला.

काकांच्या ओळखीची जीप मिळाली. अप्पा मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. लकव्यानंतर त्यांनी तिला हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. अंबाजोगाईच्या अलीकडेच ती गेली. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. बाहेर ज्वारीची काढलेली रानं, नुसती धसकटं. अप्पा तिच्या गालावर थापट्या मारत हाका मारत राहिले. “अगं ए. अगं बोल की. आज लागू दे कितीबी येळ. बसलोय मी.” ते बराच वेळ हाका मारत होते. मीही त्यांना थांबवलं नाही.

आमच्यात पुरतात, बसवून. दुपारी गावाबाहेरच्या आमच्या समाजाच्या जागेत खड्डा घेतला. जंगमस्वामींनी आईच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, वर विभूती आणि बेलाची पानं भरली. ती खाली बसलेली होती, मान जराशी पुढे. काहीतरी ऐकत असल्यासारखी. माती टाकायची पाळी आली तेव्हा माझी मूठ उघडेना.

घरी आल्यावर कुणीतरी नंदाच्या पेपरचा विषय काढला. काका म्हणाले, सुतकात कुठं जाती? जंगमस्वामी ओट्यावर टेकले होते. म्हातारा माणूस, कमी बोलायचा. म्हणाले, “आपल्यात सुतक धरीत न्हाईत मल्लप्पा. लेकीला जाऊ दे.” काकांनी खाली मान घातली. त्यांचेही डोळे सुजले होते. आई त्यांच्या लहानपणी या घरात आली होती, शाळेचा डबा करून द्यायची, हे मी विसरूनच गेलो होतो.

सकाळी मी नंदाबरोबर गेलो. ती गाडीत काही वाचत नव्हती. पुस्तकच घेतलं नव्हतं. घंटा झाली, ती आत गेली. मला तिथे उभं राहवेना. चालत नेट कॅफेत गेलो. केलेली दुरुस्ती मी आधीच पाठवून ठेवली होती. तिचं उत्तर आलं होतं. तिकडच्या त्याच माणसाने लिहिलं होतं की आणखी काही लोकांच्या संथ मशीनवरही हीच अडचण होती, तुझा बदल घेतला आहे, आभार. खाली माझं नाव चुकीचं लिहिलेलं. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पास झालो होतो. कुणाला सांगावं म्हणून आजूबाजूला बघितलं तर शेजारच्या खुर्चीत दोघं जण क्रिकेटचा स्कोर बघत होते.

मे महिन्यात लग्न झालं नाही. आईचं वर्ष सरेपर्यंत थांबावं असं अप्पा म्हणाले, आणि माजलगावच्या मंडळींनी पावसाळ्याच्या तोंडी मुलाचं दुसरीकडे उरकलं. नंदाला पुढे शिक्षिकेची नोकरी लागली, उशिरा लग्न झालं, नवरा बरा आहे. अप्पा दुकानात बसत राहिले, पण गिऱ्हाइकाने काही मागितलं की त्यांना ऐकू येत नसे. ऐकू येत नव्हतं की लक्ष नव्हतं, देव जाणे. दोन वर्षांत तेही गेले. मी पुन्हा पुण्याला आलो, नोकरी लागली, स्क्रिप्टच तपासण्याची. लोक म्हणतात, तुझी चिकाटी मोठी.

पण त्या शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारी आम्ही अंबाजोगाईहून परतलो, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. बाज बाहेर काढून धुऊन उन्हात उभी केली होती. बायका रडून थकल्या होत्या, पुरुष दुकानाच्या ओट्यावर बसले होते, आणि इतक्या जणांना जेवायला लागणार होतं. नंदाने चप्पल काढली, हातपाय धुतले आणि थेट चुलीपुढे बसून ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. पेपर कसा गेला ते तिला कुणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. मी तिच्यापुढे काटक्या सारत बसलो.

तिने पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग जाळाकडे बघतच, कुणी विचारलेलं नसताना, ती हळू आवाजात म्हणाली, “पहिला प्रश्न येत होता. दुसऱ्याला जरा अडकले.”

मी “हं” म्हणालो.

ती पुढे सांगत राहिली, एकेक प्रश्न, कुठे काय लिहिलं, कुठे पान कोरं सोडलं. मध्येच आवाज जायचा, मग भाकरी उलटायची आणि पुन्हा सुरू व्हायचं. पीठ संपेपर्यंत तिने सगळा पेपर सांगितला. मी मध्ये एकदाही बोललो नाही.